प्रतापगड, एका मीटरच्या ठोकळ्यांत

प्रतापगडाच्या बालेकिल्ल्याची एक बाजू साधारण १८० मीटर भरते. चारही बाजू मिळून ७२० मीटर. माइनक्राफ्ट या खेळात एक ठोकळा म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एक मीटर. तट १० मीटर उंच आणि ३ मीटर जाड धरला, कोपऱ्यांचा बारीकसारीक हिशेब सोडून दिला, तर नुसत्या तटाला २१,६०० ठोकळे लागतात. बुरूज, दरवाजे, मंदिरं, पायऱ्या यातलं अजून काहीच झालेलं नाही.

खेळाच्या नियमानं जायचं तर हे दगड आधी खणून काढावे लागतात. लोखंडी टिकाव २५० घावांनंतर मोडतो, म्हणजे ८७ टिकाव हवेत. खणलेला दगड ओबडधोबड मिळतो. तो घडीव करायचा तर भट्टीत घालावा लागतो आणि एका ठोकळ्याला दहा सेकंद लागतात. भट्टी एकच असेल तर ६० तास, आणि एका कोळशात आठ ठोकळे होत असल्यामुळे कोळसे २,७०० लागतील. तयार झालेला माल ठेवायला मोठी जोडपेटी घ्या. तिच्यात ५४ कप्पे, दर कप्प्यात ६४ ठोकळे. अशा सहा पेट्या भरून सातवी उघडावी लागते.

हाच तट चार ओळींतही उभा राहतो. खेळात मुक्त बांधकामाचा एक प्रकार आहे. तिथं ठोकळे अमर्याद मिळतात आणि 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत दगड भर' अशी आज्ञा देता येते. एका आज्ञेत ३२,७६८ ठोकळ्यांपर्यंत काम होतं. तटाची एक बाजू ५,४०० ठोकळ्यांची, म्हणजे चार बाजूंना चार आज्ञा. साठ तासांचं काम काही सेकंदांत संपतं.

पण असा चौकोनी तट बांधला तर प्रतापगड होत नाही. खरा तट कड्याच्या कडेनं वळत जातो, उतरतो, चढतो, माचीकडे झेपावतो. कुठल्या ठोकळ्यापाशी वळायचं, किती उतरायचं, दरवाजा बुरुजाच्या आड कसा लपवायचा, हे आज्ञेला कळत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं, आणि बांधणारे पाच-दहा असले की ते एकमेकांत ठरवायचं असतं. या खेळातल्या मोठ्या बांधकामात ठोकळे ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. कष्ट जातात ते मत एक करण्यात.

देश, शहरं आणि एक ग्रंथालय

माइनक्राफ्ट स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ मध्ये लोकांपुढे आणला. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. सुरुवातीला यात जिंकण्याहरण्याला फारसं स्थान नव्हतं. जमीन, झाडं, दगड दिले जायचे, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. त्यामुळे लोक बांधायला लागले, आणि एकट्याला पुरं पडेना म्हणून गट करून बांधायला लागले.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेनं २०१३ मध्ये आपल्या नकाशावरून अख्खा ग्रेट ब्रिटन खेळात उतरवला. त्याला २२ अब्ज ठोकळे लागले. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या भूमापन खात्यानं आपला सगळा देश एकास एक प्रमाणात मांडला. ही दोन्ही कामं संगणकानं नकाशावरून आपोआप केलेली होती. हातानं केलेल्या सामूहिक कामाचा नमुना पाहायचा तर 'अनसेन्सर्ड लायब्ररी' पाहावी. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेसाठी मार्च २०२० मध्ये हे भव्य ग्रंथालय उभं राहिलं. ज्या देशांत पत्रकारांच्या लेखनावर बंदी आहे, तिथले लेख या इमारतीत खेळातल्या पुस्तकांच्या रूपात ठेवले आहेत. १६ देशांतल्या २४ जणांनी मिळून सव्वा कोटी ठोकळ्यांचं हे काम केलं.

त्याच महिन्यात 'बिल्ड द अर्थ' सुरू झालं. अख्खी पृथ्वी एकास एक प्रमाणात खेळात बांधायची, अशी हाक एका यूट्यूब वाहिनीवरून दिली गेली. टाळेबंदीत घरी बसलेली हजारो मुलं त्यात उतरली. आपापल्या गावातली शाळा, चौक, पूल बांधायला लागली. देशोदेशींचे स्वतंत्र गट झाले. हे काम संपणारं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ते चालू राहिलं, त्याचं कारण सुरुवातीलाच ठरवून ठेवलेल्या काही गोष्टींत आहे. त्या गोष्टी प्रतापगडावरच समजून घेऊ. मेढ्याहून केळघर घाटानं महाबळेश्वर आणि तिथून पुढे गड, असा आपल्या जावळीच्या पायाखालचा हा रस्ता. समजा, मेढ्यातल्या पाच-सहा मुलांनी हा गड बांधायला घेतला.

शून्य कुठं धरायचं?

पहिला प्रश्न मापाचा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या पहिल्या नकाशात एक ठोकळा म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर होते. त्या मापानं प्रतापगडाचा बालेकिल्ला चार बाय चार ठोकळ्यांत आटोपेल. देश दाखवायला ते माप ठीक, गड दाखवायला बिनकामाचं. गडाला एकास एकच हवं.

एकास एक म्हटलं की उंचीचा प्रश्न येतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,०८० मीटरवर आहे. खेळातलं जग मात्र उणे ६४ पासून ३२० पर्यंत, म्हणजे उभं अवघं ३८४ ठोकळ्यांचं. 'बिल्ड द अर्थ'ला याच कारणानं उंचीची मर्यादा उठवणारी वेगळी जोडप्रणाली वापरावी लागली. मेढ्याच्या मुलांना तिची गरज नाही. महादेवाच्या मंदिराकडचे कडे सुमारे २५० मीटरपर्यंत खोल आहेत. प्रत्येक उंचीतून ८१० वजा करायचे असं एकदा ठरवलं, की गडमाथा २७० वर येतो, कड्याचा तळ २० वर जातो, आणि तट, मंदिराचं शिखर यांना वर पन्नास ठोकळे शिल्लक राहतात.

हा ८१० चा आकडा सगळ्यांनी पाळला पाहिजे. एकानं ८१० आणि दुसऱ्यानं ८०० वजा केले, तर माची आणि बालेकिल्ला यांच्यात दहा मीटरची पायरी पडते, आणि ती बहुतेक वेळा दोन्हीकडचं काम पूर्ण होऊन जोडायची वेळ आली की मगच दिसते.

दुसरी फसगत दिशेची. खेळात जागा तीन आकड्यांनी सांगतात. एक्स पूर्वेकडे वाढतो, वाय वरच्या दिशेला, आणि झेड दक्षिणेकडे. आपल्या नकाशावर अक्षांश मात्र उत्तरेकडे वाढतात. नकाशावरचे आकडे कुणी जसेच्या तसे झेडमध्ये घातले, तर गड आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. उत्तरेचा कडा दक्षिणेला जातो. म्हणून गडावरची एक ठळक खूण निवडायची, उदाहरणार्थ भवानी मंदिराचा दरवाजा. तिचे तीन आकडे वहीत लिहायचे आणि बाकी सगळी मापं तिच्यापासून घ्यायची. पुढं कुठं वाद झाला तर त्या दरवाजापाशी जाऊन मोजायचं.

डोंगर आयता मिळतो का? काही प्रमाणात मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एन्डेव्हर अवकाशयानानं रडारनं पृथ्वीच्या बऱ्याचशा भूभागाची उंची मोजली. ती आकडेवारी कुणालाही वापरता येते आणि तिच्यावरून संगणक खेळात डोंगर उभा करतो. पण त्यात दर ३० मीटरला एक आकडा आहे. सपाट मुलखात तेवढं पुरतं, सह्याद्रीत नाही. इथले डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेले, त्यामुळे उभा कडा, मग अरुंद पट्टा, पुन्हा उभा कडा अशी त्यांची ठेवण. दोन आकड्यांच्या मधल्या ३० मीटरमध्ये अख्खा कडा बसतो आणि संगणक त्याची घसरगुंडी करून टाकतो. कडे हातानं तासावे लागतात. त्यासाठी गडावर उभं राहून चारही बाजूंचे फोटो घेतलेले असावेत आणि कोणता फोटो कुठून घेतला हे लिहून ठेवलेलं असावं.

नमुना भिंत

माप जुळलं तरी पाच जणांच्या हातचा तट पाच तऱ्हांचा दिसतो. एकाला गुळगुळीत दगड आवडतो, दुसऱ्याला खडबडीत, तिसरा वेलींनी सगळी भिंत झाकून टाकतो. यावर अनुभवी गट एक साधा उपाय करतात. बांधकामाच्या बाजूला दहा ठोकळे लांबीची नमुना भिंत बांधून ठेवायची. सगळ्यांनी तिच्याकडे बघून काम करायचं.

आपल्या गडासाठी ती अशी असू शकेल. दर दहा ठोकळ्यांत सहा घडीव दगडाचे, दोन ओबडधोबड, एक करड्या अँडेसाइटचा आणि एक शेवाळलेला. जावळीच्या पावसात तटाची पायथ्याकडची बाजू हिरवी पडते, तेव्हा खालच्या तीन थरांत शेवाळी ठोकळे दुप्पट घ्यायचे. चर्यांसाठी अर्धे ठोकळे वापरायचे. जंग्या म्हणजे तटातून बंदूक रोखायची भोकं, ती खरी पाहता वीतभर रुंदीची असतात. एक मीटरच्या ठोकळ्यात ती बसत नाहीत. दोन पायरी-ठोकळे समोरासमोर ठेवले की मध्ये पूर्ण ठोकळ्याहून लहान फट राहते, ती जंगी म्हणून चालते. असा एकेक उपाय कुणाला सुचला की तो नमुना भिंतीवर करून ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांना पुन्हा डोकं खाजवावं लागत नाही.

दिसण्याचा आणखी एक मुद्दा आहे. खेळातल्या माणसाची उंची १.८ मीटर. खऱ्या मापाची देवडी किंवा मंदिराचा गाभारा बांधला तर आत फिरताना फार चिंचोळं वाटतं. काही गट म्हणून आतल्या खोल्या दीडपट करतात. तसं करायचं की खरं माप धरून बसायचं, यावर दोन मतं होऊ शकतात. दोन्ही चालतील. एका मंदिरात एक आणि दुसऱ्यात दुसरं, हे मात्र चालणार नाही.

वाटणी

दिवाळीत अंगणात किल्ला करताना मुलं कामं कशी वाटून घेतात हे घरोघरी दिसतं. कुणी माती आणतो, कुणी दगडांवर पोती टाकून डोंगराला आकार देतो, कुणी हळीव पेरतो, आणि मावळे मांडायचा मान शेवटी बहुधा धाकट्याला मिळतो. ही वाटणी जागेची नसते, कामाची असते. खेळात मात्र बहुतेक नवखे गट जागा वाटून घेतात आणि अडकतात.

जागा वाटणं सोपं पडतं, कारण खेळाचं जगच १६ बाय १६ च्या चौकड्यांत कापलेलं आहे. या चौकडीला चंक म्हणतात. बालेकिल्ला १४४ चंकमध्ये बसतो, ३२० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद माची १४० चंकमध्ये. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ५७ च्या आसपास. कागदावर वाटणी चोख. प्रत्यक्षात एकाच्या चंकमध्ये महादरवाजा येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं गवत. गवतवाल्याचं काम अर्ध्या तासात उरकतं आणि दरवाजावाला महिनाभर झुंजतो. शिवाय दोन चंकांच्या सीमेवर तट जुळत नाही, कारण दोघांनी तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या मनःस्थितीत वळवलेला असतो.

नुसती कामाची वाटणी केली तर दुसरी अडचण. डोंगर तासून होईपर्यंत तटवाला बसून, तट होईपर्यंत दरवाजावाला बसून. म्हणून मोठे गट दोन्हींचा मेळ घालतात. आधी दोघांनीच अख्ख्या गडाची कडा भडक लाल ठोकळ्यांनी जमिनीवर आखायची. तट कुठं वळतो, बुरूज कुठं येतात, दरवाजे कुठं, हे सगळं या रेषेत ठरून जातं. मग ती रेषा धरून बाकीच्यांनी बुरूजागणिक तुकडे घ्यायचे. शेवटी दरवाजे, मंदिरं, पायऱ्या अशी नाजूक कामं ज्याचा हात बसलाय त्याला द्यायची, मग ती कुणाच्याही वाट्यातली असोत.

खऱ्या गडालाही असा एक आखणारा होता. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी पार घाटावर नजर ठेवणारा हा डोंगर निवडला आणि बांधणीचं काम मोरोपंत पिंगळे यांच्यावर सोपवलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, गडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. गड बांधणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे साल. भवानी मंदिर १६६१ मधलं, तर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९५७ मधला. १६५९ चा गड बांधायचा तर हे दोन्ही नकोत. आजचा बांधायचा तर दोन्ही हवेत आणि वाहनतळही हवा. भवानी मंदिराचा दरवाजा मोजमापाची खूण धरून १६५९ चा गड बांधायला निघालं, तर पहिल्याच दिवशी खूण बदलावी लागेल. म्हणून साल सगळ्यांत आधी.

किल्ली कुणाकडे?

डेन्मार्कच्या भूमापन खात्यानं खेळात मांडलेला तो देश सगळ्यांना खुला होता. आत येणाऱ्यांना सुरुंग वापरता येऊ नयेत म्हणून खात्यानं ते बंद केले होते. पण सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली. काही उपद्व्यापी खेळाडूंनी नेमकी तीच वापरून गावांचे भाग उडवले आणि अमेरिकेचे झेंडे रोवले. नुकसान थोडक्यात निभावलं, पण धडा मोठा मिळाला.

गटानं तीन गोष्टी पाळल्या की यातलं बहुतेक टळतं. आत येणाऱ्यांची नावं आधी नोंदवायची, इतरांना दार बंद. कुणी कोणता ठोकळा कधी ठेवला वा काढला याची नोंद ठेवणारं प्लगिन बसवायचं, म्हणजे एकाची करणी तेवढी मागं घेता येते. आणि अख्ख्या जगाची प्रत रोज दुसऱ्या जागी काढून ठेवायची. सगळ्यांत जास्त नुकसान बाहेरच्या शत्रूपेक्षा आपल्याच माणसाच्या चुकीच्या आज्ञेनं होतं. 'दगड भर'च्या जागी 'हवा भर' दिलं की बुरूज गायब. काल रात्रीची प्रत असली की एका संध्याकाळचं कामच काय ते जातं.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. एकाच्या हॉटस्पॉटवर सगळे जोडले गेले, की जग त्या एकाच्या फोनमध्ये राहतं. तो क्लासला गेला की गडाचे दरवाजे बंद. शिवाय मोबाइलची आवृत्ती आणि संगणकाची जावा आवृत्ती वेगळ्या, एकातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही. कुणाकडे काय आहे हे विचारून मगच सुरुवात करावी. खर्च नको असेल तर लुआंटी हा मोफत पर्याय आहे. आधी तो माइनटेस्ट या नावानं ओळखला जायचा. साध्या संगणकावर चालतो आणि त्यात उंची जवळपास ३१ हजार ठोकळ्यांपर्यंत जाते. त्यात ८१० वजा करायचीही गरज नाही.

खेळातून चौकात

हे सगळं मुलांच्या करमणुकीपुरतं राहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही वसाहतींसाठी काम करणारी शाखा आणि मोजांग यांनी २०१२ मध्ये 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम काढला. पहिला प्रयोग नैरोबीतल्या किबेरा या झोपडपट्टीत झाला. वस्तीतली मोकळी जागा आधी खेळात उभी करायची. मग तिथल्याच लोकांना दोघं-चौघं मिळून एका संगणकावर बसवायचं. बाकडी कुठं, दिवे कुठं, झाडं कुठं, हे त्यांनी ठोकळे ठेवून दाखवायचं, आणि शेवटी प्रत्येक गटानं आपली रचना नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडायची. नेपाळच्या कीर्तिपूरमध्ये एका जुन्या तळ्याचा परिसर याच पद्धतीनं पुन्हा उभा राहिला. मुंबईतही या उपक्रमानं काम केलं आहे.

वास्तुविशारदाचा आराखडा सगळ्यांना वाचता येत नाही. तो समोर आला की बायाबापड्या गप्प बसतात, पोरांना तर कुणी विचारतच नाही. खेळात मात्र प्रत्येकजण त्या जागेतून चालून बघतो. इथं अंधार पडेल, ही भिंत आडोसा करेल, असं बोट ठेवून सांगता येतं. मेढ्याच्या बसस्थानकाची नवी मांडणी करायची झाली, तर शाळेला जाणाऱ्या मुली कुठं थांबतात आणि कुठं थांबायला नको म्हणतात, हे आराखड्यापेक्षा अशा ठोकळ्यांच्या नमुन्यात लवकर कळेल.

सुरुवात एका बुरुजापासून

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रतापगड त्यातला एक. गडावर जाणाऱ्या मुलांचे फोटो आता आणखी वाढतील. त्या फोटोंतून गड बांधायचा तर पहिल्या फेरीत अख्खा गड घेऊ नये. एकच बुरूज घ्यावा. गडावर जाऊन त्याचा घेर पावलांनी मोजावा, दगडाचे थर मोजावेत, जंग्या कोणत्या बाजूला वळल्यात ते पाहावं. हे करताना लक्षात येतं की जंग्यांची तोंडं वाटेकडे आणि दरवाजाकडे रोखलेली आहेत. आजवर शेजारून दहा वेळा गेलेल्याला ते दिसलेलं नसतं. ठोकळा ठेवायची वेळ आली की पाहावंच लागतं.

बुरूज झाला की त्याच्या शेजारी एक वही ठेवावी. खेळात लिहिता येणारी वही मिळते. तिच्यात साल, मोजमापाची खूण, वजा करायचा आकडा, दगडांचं प्रमाण, आणि कुठला तुकडा कुणाकडे आहे एवढं लिहावं. असे गट टिकत नाहीत. दहावी येते, कुणी साताऱ्याला शिकायला जातो, कुणाचा फोन बिघडतो. म्हणून काम अशा तुकड्यांत करावं की ते कुठंही थांबलं तरी झालेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील. दोन वर्षांनी आठवीतली नवी मुलं आली आणि कुणालाही न विचारता, वही वाचून, पहिल्याच संध्याकाळी तटाचा पुढचा ठोकळा बरोबर जागी ठेवू शकली, तर पहिल्या गटानं गड नीट आखला होता असं म्हणता येईल.